खंडेनवमीचं लोखंड

कारखान्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये तोवर फक्त कामगारांची पोरं शिकत. मग लढाईच्या तयारीची कामं येऊ लागली, माणसं कमी पडली आणि एका उन्हाळ्यात फाटकावर पाटी लागली: संध्याकाळचे वर्ग आता मोठ्या माणसांसाठीही, बायकांसाठीसुद्धा. कारखान्याच्या ऑफिसात बाबू असलेल्या माझ्या दादानं ही बातमी घरी विनोद म्हणून सांगितली. दुसऱ्या दिवशी मी जाऊन नाव देऊन आले.

नवऱ्यानं दुसरीकडे संसार मांडल्यापासून मी दादा-वहिनीकडेच होते. तिथं मला कुणी छळत नव्हतं. दूध कमी पडलं की माझा चहा आपोआप काळा व्हायचा, इतकंच. पण मला त्या घरातून निघायचं होतं. परीक्षा पास झाले तर कारखान्यात नोकरी होती आणि नोकरीबरोबर क्वार्टर.

"लोक काय म्हणतील?" दादानं विचारलं.

"लोक तर आताही बोलूनच राहिले. निदान विषय तरी बदलेल."

बायकांच्या वर्गात आम्ही मूठभर, सगळ्या मराठी. शिकवणारे उस्ताद शहपुऱ्याकडचे, हिंदी बोलणारे. आम्हाला दीदी म्हणायचे आणि भिंतीकडे बघून बोलायचे. काम एकच. लोखंडाचा ठोकळा कानशीनं घासून जाड पट्टीतल्या चौकोनी भोकात असा बसवायचा, की बल्बसमोर धरल्यावर फटीतून उजेड दिसता कामा नये. पुढे लढाई सुरू झाली, खिडक्यांना काळे कागद लागले. उजेड बाहेर गेला तर ब्लॅकआउटचा वॉर्डन ओरडायचा, आत दिसला तर उस्ताद.

परीक्षा दसरा झाल्यावर होती, त्यात हेच ठोकळे तपासणार होते. तोवर आमचे ठोकळे भोकात चपखल बसायला लागले होते. खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा कशी करायची हे आम्हाला कुणी शिकवायची गरज नव्हती. कानशी मांडल्या, शेजारी आपापले ठोकळे ठेवले, पाणी शिंपडलं, हळदकुंकू कालवून बोटं ओढली, झेंडू वाहिला. पुजलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत हात लावायचा नसतो. आम्ही लावला नाही. उस्ताद रजेवर होते.

परीक्षेच्या सकाळी फुलं उचलली तर प्रत्येक ठोकळ्यावर गंज चढलेला, बोटांच्या ठशांसकट.

"पानी किसने डाला?" उस्तादांनी भिंतीला विचारलं.

"सबने. पूजा थी."

"दीदी, लोहा है. तुलसी नहीं है."

गंज ठेवला तर ठोकळा भोकात जाईना, घासून काढला तर सैल होणार. परीक्षा घ्यायला आलेले साहेब हसले आणि म्हणाले की बायकांचा वर्ग पुढच्या वर्षी चालवायचा की नाही याचा एकदा विचार करायला हवा. म्हणजे दादाच्याच घरी राहायचं, आणि तेही हसं करून घेऊन.

उस्तादांनी पहिल्यांदाच भिंत सोडून आमच्याकडे बघितलं. मग साहेबांना म्हणाले, "नया माल दीजिए, साहब. आपके सामने बनाएँगी."

संध्याकाळपर्यंत आम्ही घासत होतो. एकीला रडू फुटलं, तिनं रडत रडत घासलं. माझी बोटं सोलली. मी मनातल्या मनात नवऱ्याला, दादाला आणि झेंडूला शिव्या देत होते. त्यानं हात बरा चालतो. शेवटी ठोकळा बसला. एका कोपऱ्यात केसाएवढा उजेड होता. साहेबांनी तो बघितला, माझ्या हातांकडे बघितलं आणि मला पास केलं. दोघी नापास झाल्या. वर्ग मात्र राहिला. भिंतीवर नवी सूचना लागली: पूजा में केवल तेल का प्रयोग करें.

घरी जेवताना मी सांगितलं की पास झाले, क्वार्टर मिळालं की जाईन. दादा "अच्छा" म्हणाला आणि त्यानं आमटी मागितली. वहिनीनं खाली मान घालून ती वाढली. मला वाटलं, हिला सुटल्यासारखं झालं असेल.

दादा हात धुवायला उठला तेव्हा ती जवळ सरकली.

"वन्सं, तिथं नवरा असलेल्या बायका घेतात का?"

"घेतात. काहून?"

"माझं नाव देऊन टाका. यांना मी सांगीन मागाहून."

इतकी वर्षं मला वाटत होतं, या घरातून निघायचंय ते मला एकटीलाच.