व्हरांड्यातली पाचवी खुर्ची

देशाच्या सर्वोच्च न्यायालयात कोण बसणार हे दिल्लीत ठरतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या शेजारच्या वकीलकाकांना पाहिलेलं नाही. ते ठरतं नागपुरात, काकांच्या व्हरांड्यातल्या कूलरसमोर. दिल्लीला फक्त उशिरा कळतं. दिल्लीत न्यायाधीश निवडणारं पाच न्यायमूर्तींचं कॉलेजियम, तशा या व्हरांड्यात वेताच्या पाच खुर्च्या आणि काकांसकट पाच म्हातारे वकील. वर जागा रिकामी झाली की रविवारी तर्रीपोह्यांवर बैठक भरते. दार बंद, आवाज मात्र पानठेल्यापर्यंत. दिल्लीने भलतंच नाव निवडलं की काका पेपरची घडी घालून म्हणतात, "चुकले. पण त्यांच्यावर अपील कुठं करावं गा?"

घरही ते याच पद्धतीने चालवतात. कूलर घ्यायचा असो की जावई निवडायचा, शिफारस पाच जणांची आणि सरकार म्हणजे काकू. सरकारने परत पाठवलेलं नाव दुसऱ्यांदा आलं की मान्य करावंच लागतं, हा नियम काकांनीच काकूंना समजावला. तेव्हापासून काकू काही परत पाठवतच नाहीत. "पाहू," म्हणतात आणि भाजी चिरायला घेतात.

मी मोर्च्यांच्या पत्रकांवरच वाचायला शिकलेली. पाचांपैकी एक जण मुलाकडे पुण्याला गेले, तेव्हा नुकत्याच वकील झालेल्या मी काकांच्या फाटकावर पत्रक चिकटवलं: 'चार म्हाताऱ्यांनी पाचवा म्हातारा निवडायचा, हा कुठला न्याय? मला घ्या, नाहीतर कारण सांगा!'

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "जागा मागितली का नाव बाद होते, माहीत नाही का वं तुले?"

तरी माझी शिफारस झाल्याचं पानठेल्यावर कळलं. उत्तर मात्र येईना. उन्हाळा सरत आला तशी मी थेट स्वयंपाकघरात गेले.

"काकू, माझी फाइल तुमच्याकडे अडली आहे ना?"

"तू लय भांडते वं. यांचं बीपी वाढते."

"मग तसं सांगा तरी. नुसती वाट किती पाहायची?"

काकूंची विळी थांबली. "वाट पाहणं मले नको सांगू. यांचं नाव गेलं होतं हायकोर्टाच्या जजसाठी. हो आलं नाही, नाहीही आलं नाही. दिल्लीच्या फोनची वाट पाहता पाहता वय निघून गेलं. शिवलेला कोट कपाटातच आहे."

काका दारात उभे होते, रिकामा कप हातात घेऊन.

"मी हिचं नाव पुन्हा पाठवून राहिलो," ते म्हणाले.

"मी परत कुठं केलं?"

"मंग कर नं! नाही म्हण. पण काही तरी म्हण वं."

काकू त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही."

काकांचा चेहरा लग्नघरासारखा उजळला. "झालं! आता दुसऱ्यांदा पाठवतो."

आता दर रविवारी मी त्या खुर्चीत बसते. तिचा एक पाय आखूड आहे. त्याखाली माझंच पत्रक घडी करून घातलंय. कारणं जाहीर करा म्हणून मी भांडते, काका दुप्पट भांडतात, बीपीच्या गोळ्या काकू पोह्यांबरोबरच आणून ठेवतात. फक्त आत जुना फोन वाजला की काका वाक्य अर्ध्यावर सोडतात आणि काकू तो उचलेपर्यंत दाराकडे पाहत राहतात. तेवढा वेळ मीसुद्धा भांडत नाही.