सात दिव्यांच्या रस्त्याची गवंडीण

माझी मावशी दगडी रस्ते करणारी गवंडीण. तिने बांधलेले रस्ते मोजायला बसलो तर दोन्ही हातांची बोटं पुरायची नाहीत. पण अख्ख्या देशाला ठाऊक असलेला एकच: 'सात दिव्यांचा रस्ता'. टीव्हीवर बावीस वर्षं चाललेल्या मालिकेतला. त्या रस्त्यावरच्या शिंप्याचं दुकान बंद पडलं, तेव्हा आमच्या शेजारणीने दोन दिवस तोंडात घास घेतला नव्हता!

स्टुडिओच्या मागच्या पटांगणात तो रस्ता उभा करायचा होता. कडेला दिव्यांचे सात खांब, घरं नुसती तोंडदेखली. पुढून दार-खिडक्या, मागून बांबूचे टेकू. मॅनेजरने मावशीला बोलावलं आणि रंगवलेले रबरी दगड दाखवले.

"हे फळ्यांवर चिकटवायचे. आठ दिवसांत."

मावशीने त्यावर टाच आपटली. धप्प. "हा रस्ता की रिकामं खोकं? माणसं चालणार ना यावर?"

"बाई, दिसायला रस्ता झाला म्हणजे झालं."

"मग दुसरं कुणी बघा. मला रस्ता करता येतो, रस्त्याचं सोंग येत नाही."

दिग्दर्शक बाजूलाच चहा पीत होता. तो म्हणाला, "करू द्या त्यांना."

मावशीने जमीन उकरली, खडी पसरली, धुम्मस मारून मारून ती घट्ट बसवली, पाण्याला उतार दिला आणि खरे दगड एकेक ठोकून लावले. शिंप्याच्या दुकानाशी वळण होतं. तिथे दगड लहान घेतले, म्हणजे सांधे नीट जुळतात. आठाचे बावीस दिवस झाले. मॅनेजरने स्टुडिओ डोक्यावर घेतला. मावशीने कान बंद ठेवले.

शूटिंगच्या पहिल्याच दिवशी नायिका त्या रस्त्यावरून चालत आली आणि आवाज टिपणाऱ्या माणसाने हात वर केला. "संगीत नको. नुसती पावलं राहू द्या." तेव्हापासून मालिका पावलांच्या आवाजाने सुरू व्हायची. तो आवाज कानी पडला की घराघरांतली भांडणं थांबायची.

पुढे रविवारी लोकांना रस्ता बघायला सोडू लागले. मावशी एखादा सैल दगड बसवायला आली असेल, तर लोक तिलाच फोटो काढायला सांगत. ती काढून देई. "तुम्ही कोण?" असं कुणी विचारत नसे.

एका रविवारी एक आंधळ्या आजी नातीचा हात धरून आल्या. पंधरा-वीस पावलं चालल्यावर त्यांनी नातीचा हात सोडला. काठी टेकत एकट्याच पुढे गेल्या आणि वळणावर थांबल्या.

"हे शिंप्याचं दुकान. इथे पावलं बारीक वाजतात."

नात बघतच राहिली. "आजी, तुला कसं कळलं?"

"अगं, तुम्ही बघता, मी ऐकते. कुणी केला गं हा रस्ता?"

मावशी गुडघ्यावर बसून सांधा भरत होती. ती उठली, हात पदराला पुसले.

"मी केला."

आजींनी तिचे हात चाचपले. घट्टे लागले तसे घट्ट धरले. "बाई, मी टीव्हीवर फक्त तुम्हालाच बघितलंय."

आमची मावशी म्हणजे दगड. मावसोबा गेले तेव्हाही चारचौघांत रडली नव्हती. त्या दिवशी मात्र घरी येऊन तिने ही गोष्ट पाच वेळा सांगितली, आणि पाचही वेळा पदराने डोळे पुसले.

मालिका संपल्यावर तोंडदेखली घरं एका दुपारात उतरली. रस्ता उकरायला मशीन आलं. दोन दात मोडून परत गेलं. शेवटी नगरपालिकेने तो तसाच पलीकडच्या वस्तीला जोडून घेतला. आज त्यावरून दूधवाले जातात, शाळेतली पोरं जातात. पाटीवर नाव 'सात दिव्यांचा रस्ता'. मावशी सत्तरीत आहे, रोज सकाळी तिथे फिरायला जाते, अगदी मधोमध चालते. सायकलवाल्याने घंटी वाजवली तरी बाजूला होत नाही.