फ्रान्सचा पाद्री

तेर गावच्या एसटी स्टँडसमोरच्या चहाच्या हॉटेलात एक निवृत्त चित्रकला शिक्षक मला रोज भेटतात. बोलताना ते समोरच्याच्या नाकाकडे बघतात आणि कशावरही मत विचारलं तर "बघू की" एवढंच म्हणतात. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच मासिकांतली व्यंगचित्रं त्यांच्या मोबाइलमध्ये भरलेली आहेत. निवडणुकीच्या दिवसांत त्यांनी त्यातलं एक हॉटेलच्या फळ्यावर खडूनं उतरवलं. ढेरपोट्या पाद्री एका हातानं मंत्र्याला आशीर्वाद देतोय आणि दुसरा हात मंत्र्याच्या खिशात आहे.

संध्याकाळी, उमेदवाराच्या गाडीतून फिरणाऱ्या एका महाराजांचे भक्त आले.

"मास्तर, आमच्या महाराजांचं चित्र पुसा. न्हायतर तुमचा हात मोडावा लागंल."

मास्तरांनी मोबाइल पुढं केला. "ह्यो फ्रान्सचा पाद्री हाय. ह्यात तुमच्या महाराजांसारखं काय दिसलं सांगा. तेवढंच पुसतो."

पोटाचं नाव घ्यायला भक्तांतलं कुणी धजेना, खिशाचं तर लांबच. शेवटी ते तसेच निघून गेले.

मी हसलो. मास्तर मात्र हसले नाहीत. चहा तसाच ठेवून ते मला म्हणाले, "आज घरापर्यंत संगं चला."