खिडकीतला वाळा

मला एका जागी बसवत नाही. आई म्हणते, माझ्या पायाला भिंगरी आहे. ऑफिसातले म्हणतात, माझा राग नाकावर असतो. दोघांचंही खरं आहे. पण या उन्हाळ्यात जी तगमग झाली तिचं कारण वेगळं होतं, आणि ते मी घरी नीट कधी सांगितलंच नाही.

मी अकोल्याहून सकाळच्या गाडीनं निघते, बडनेऱ्याला उतरते आणि तिथून ऑटोनं अमरावतीतलं आमचं ऑफिस गाठते. इमारत बांधायच्या आधी ती कॉम्प्युटरवर अख्खी उभी करायची, हे आमचं काम. त्यातली प्रत्येक खिडकी नव्यानं कोण काढत बसणार? एकदा नीट बनवलेली खिडकी आमच्या साठ्यात राहते. पुढं शाळा असो की दवाखाना, तीच उचलून बसवायची. अशा तयार वस्तूला आम्ही कॉम्पोनंट म्हणतो. त्याच्या पोटात त्याची मटेरियल्स असतात, काच, अ‍ॅल्युमिनियम, रंग. नको असलेलीही असतात. कोणी कधी लावून पाहिलेलं सागवान, कोणाला हौस म्हणून घातलेला फिरोजी रंग. खिडकी बसवली की तीही गुपचूप मागं येतात, वावरातून परतताना पातळाच्या काठाला कुसळं चिकटून येतात तशी.

ऊन तापायला लागलं होतं तेव्हा पुण्याच्या मुख्य ऑफिसातून फोन आला. पलीकडच्या बाईंचा आवाज एकदम गोड होता. गोड आवाज ऐकला की मी आधी आपलं काय चुकलं ते आठवायला लागते.

"मॅडम, त्या हॉस्पिटलच्या मटेरियलच्या यादीत वाळा दिसतोय. कंत्राटदार विचारतोय, तो कुठल्या मजल्यावर लावायचा?"

फोन स्पीकरवर होता; आमच्याकडे कोणीतरी फिस्सकन हसलं. वाळा कुठून आला ते सगळ्यांना ठाऊक होतं. ती पहिली खिडकी मीच बनवली होती, अकोल्यातल्या एका वसतिगृहासाठी. आमच्या भागातला माणूस खिडकी काढायला बसला की खिडकीबाहेर लोखंडी स्टँड आणि त्यावर कूलर आपोआप येतो. कूलरशिवाय खिडकी असते, हे आमच्या डोक्यातच येत नाही. कूलर आला की त्याच्या बाजूच्या ताट्या आल्या, ताट्यांत गारव्यासाठी भरतात तो सुगंधी वाळा आला. मी तोही हौसेनं घातला होता, अगदी तपकिरी काड्या दिसतील असा. पुढच्या कामाला कूलर नको होता म्हणून तो लपवला, काढला नाही. दिसत नाही ना, मग झालं. त्या एका खिडकीवरून बाकीच्या सगळ्या बनल्या, आणि आमचा वाळा पार पुण्याजवळच्या वातानुकूलित हॉस्पिटलात जाऊन बसला.

एवढ्यावर भागलं असतं तर मीही हसले असते. पण नंतर मोठे साहेब फोनवर आले. तुमचा सगळा साठा महिनाभरात स्वच्छ करून द्या, नाहीतर हे काम आम्ही पुण्यातच घेऊ, म्हणाले. आणि ज्यांना नोकरी हवी त्यांना इकडे यावं लागेल.

बाबा गेल्यापासून घरात आई आणि मी, दोघीच. पातूर रोडला आमचं वावर आहे. वांगी, कोथिंबीर, झेंडू. आई उजाडता तिथं असते. ती पुण्याला यायची नाही, आणि आली तरी चौथ्या मजल्यावरच्या कुंडीत काय पेरणार? तिला एकटीला टाकून मला जायचं नव्हतं. एक दिवस चपला काढता काढता मी तिला एवढंच म्हटलं, "मले पुण्याले जा लागंन बहुतेक." ती पालेभाजीच्या जुड्या बांधत होती. मान वर न करता "बरं" म्हणाली. ते "बरं" मला कितीतरी दिवस टोचत राहिलं.

कामाला लागले. हॉस्पिटलच्या मॉडेलमधून वाळा काढला, खूश झाले. एक नवी खिडकी बसवली की वाळा हजर. पुन्हा काढला, पुन्हा हजर. मी माउस आपटला. शेजारच्या टेबलावरचे आमचे सिनियर दादा डबा खात होते.

"अवो मॅडम, हितून काढून काय फायदा? तो त्या खिडकीतच बसून राह्यला. तिथून काढा."

साठ्यातली मूळ खिडकी उघडली. वापरात नसलेलं सगळं झाडून काढणारी एक कमांड असते, ती दिली. वाळा ढिम्म. कारण कॉम्प्युटरच्या लेखी तो वापरात होता, लपवलेला कूलर त्याला धरून होता. खिडकीत चौकट, चौकटीत स्टँड, स्टँडवर कूलर, कूलरमध्ये ताटी. प्रत्येक गोष्ट वेगळी उघडायची, तळाशी जाऊन साफ करायची आणि परत एकेक पायरी वर येत सगळं जागच्या जागी बसवायचं. एका खिडकीचं असं, मग दुसरीचं. गाडीत बसले तरी मनात खिडक्याच उघडत होते.

मग मला साफसफाईची झिंगच चढली. जे ओळखीचं वाटेना ते उडवायचं. घरीही तेच. आईनं दोनदा हाक मारली की मी खेकसायची. भांडी आदळायची. ताटावर बसून फोनवर ऑफिसचे निरोप पाहायची.

त्या झिंगेत मी डासांची जाळीसुद्धा उडवली. समोर दिसत होत्या त्या खिडकीला जाळी नव्हती. त्याच खिडकीच्या दुसऱ्या नमुन्याला होती, आणि तो मी उघडून पाहिलाच नाही. दुसऱ्या दिवशी दादांनी जाळीची खिडकी बसवली तर मटेरियलच उडाल्यामुळं जाळीच्या जागी नुसता राखाडी पत्रा. मूळ प्रत होती म्हणून निभावलं. दादा रागावले नाहीत. "समोर नाही दिसत म्हणजे कोणाले नकोच हाय, असं थोडीच असते," एवढं म्हणून चहा आणायला गेले. मला मात्र स्वतःचा इतका संताप आला की तो चहा मी प्यायले नाही.

शेवटी साफ केलेला साठा पुण्याला पाठवला. पुण्याहून उत्तर आलं, चांगला हलका झालाय, काम अमरावतीतच राहू द्या. मी भर ऑफिसात दादांना टाळी दिली. आईसाठी दह्यातला गिला वडा बांधून घेतला, बडनेऱ्याला पळत गाडी पकडली, आणि अकोला येईपर्यंत दारातच उभी राहिले. बसवतच नव्हतं.

घरात पाऊल टाकलं आणि थबकले. माझ्या खोलीत सरळ ऊन पडलं होतं. खिडकीबाहेर नुसता लोखंडी स्टँड, कूलर नाही. खाटेवर माझी मोठी बॅग भरून ठेवलेली, वर फडक्यात गुंडाळलेली लोणच्याची बरणी.

"आई, कूलर कुठं गेला?"

"शेजारी देला. त्यायची पोरगी बाळंतपणाले आली ना. लेकरू उकाड्यानं रडते."

"मले न इचारता?"

"तुले काय इचारू? तू तं पुण्याले चालली. मले एकटीले कायले पाह्यजे कूलर? तुह्यासाठीच तं लावत होतो."

"मी नाही जात. काम इथंच राह्यलं."

ती माझ्याजवळ आली, चेहरा निरखला आणि हळू आवाजात म्हणाली, "काहून, त्यायनं नाही म्हटलं का? जाऊ दे माय, दुसरीकडं भेटंन."

ती माझी समजूत घालत होती. "तुले कोणं सांगतलं, मले जायचं होतं म्हणून?"

"सांगा कायले लागते? किती दिवस झाले, घरात पाय ठरत नाही तुहा. भांडे आदळतं, जेवतानी फोन पाहतं. मले वाटलं, पोरगी कंटाळली इथं. म्हटलं, मी काहून अडवू?"

जावं लागू नये म्हणून मी जी धावाधाव केली होती, ती तिनं जायची घाई समजून पाहिली होती. आणि मला एका शब्दानं न विचारता, गुपचूप माझी बॅग भरली होती. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

"मंग मांगून आणू का कूलर?" ती म्हणाली.

मी दारातून डोकावले. शेजारच्या खिडकीत आमचा कूलर घरघरत होता आणि बाळ पाय पसरून झोपलं होतं. म्हटलं, राहू दे.

आईनं तिचं जुनं पातळ बादलीत बुचकळलं, पिळलं आणि खिडकीच्या गजांना बांधलं. फरशीवर पाणी ठिबकायला लागलं. मी बॅग उघडून बरणी फडताळात परत ठेवली.

"उद्या येतानी वाळा आणजो," ती पाठमोरीच म्हणाली. "खिडकीले ताटी मी बांधतो. दोघीले पुरंन इतका आणजो."