पट्टीवाल्यांचा अर्धा सेंटीमीटर

पूल तपासणी कार्यालयात त्यांना सगळे पट्टीवाले म्हणत. इतरांच्या खिशाला पेन असतं, यांच्या खिशाला स्टीलची पट्टी. साहेबांनी सही केलेल्या कागदालाही ते आधी पट्टी लावत, मग सही बघत. पूल तपासायचे इंजिनियर. त्यांचे अहवाल संगणकावर नीटनेटके करायचे पट्टीवाल्यांनी. शीर्षकं ठळक, परिच्छेदांना क्रमांक आणि डावीकडे बरोबर साडेतीन सेंटीमीटर समास. पूल हलला तर एक वेळ चालेल, समास हलता कामा नये, असा हा माणूस.

याचं कारण त्यांची थोरली बहीण. ताई त्याच खात्याच्या अभिलेख कक्षात होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथे अहवाल डावीकडून शिवून ठेवत. सहा वर्षांपूर्वी पट्टीवाल्यांच्या एका अहवालाचा समास अर्धा सेंटीमीटर कमी भरला आणि शिलाईनं प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर गिळलं. ताईनं चारचौघांत तो परत केला.

"तू बहीण आहेस की तपासनीस?" पट्टीवाले फणकारले.

"कामावर तपासनीस. घरी ये, मग बहीण होते."

ते गेले नाहीत. अबोला धरला तो धरलाच. एकाच आईची लेकरं, माघार घेणार कोण? मात्र रोज जेवणाच्या सुट्टीत ते संगणकावर ताईला चार ओळी लिहीत आणि लगेच पुसून टाकत. तेव्हापासून एकही अहवाल ताईकडून परत आला नव्हता. खरं सांगायचं तर, एखादा यावा असं त्यांना फार वाटे.

अशात वरून फर्मान आलं: जुने दोनशे बारा अहवाल महिनाअखेर नव्या नमुन्यात बसवा. पट्टीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. संगणक विभागातल्या बाईंना त्यांची दया आली.

"काका, मॅक्रो करा की! हे बटण दाबा आणि एका अहवालावर सगळं काम करून दाखवा. संगणक बघून ठेवतो. झालं की हे दुसरं बटण दाबून थांबवा. पुढचे सगळे अहवाल तो स्वतः करेल."

पट्टीवाल्यांनी करून दाखवलं. तेवढ्यात सुट्टी झाली आणि थांबवायचं बटण राहिलं. सवयीनं त्यांनी त्याच अहवालाच्या शेवटी ताईला चार ओळी लिहिल्या, पुसल्या, डबा खाल्ला, आणि मग त्यांना बटण आठवलं.

दुसऱ्या अहवालावर मॅक्रो चालवला. शीर्षकं ठळक झाली, क्रमांक रांगेत लागले, समास सरकला. आणि शेवटी, 'पुलाची स्थिती समाधानकारक' याच्या खाली, ताईच्या चार ओळी उमटल्या आणि पुसल्या गेल्या. संगणकालाही आपल्यासारखीच बोलायची चोरी झालेली पाहून पट्टीवाल्यांना जरा बरं वाटलं.

"हे काय चमकलं?" मागून साहेब म्हणाले.

"पूल, साहेब."

साहेब गेले, पण पट्टीवाल्यांना घाम फुटला. बाईंना विचारावं तर त्या ओळी वाचणार. म्हणून त्यांनी मॅक्रो स्वतःच उघडला. आत सगळ्या इंग्रजी आज्ञा. त्यांनी डोकं चालवलं: पत्र शेवटी येतं, म्हणजे शेवटची आज्ञा पत्राची. ती त्यांनी उडवली. ती पुसायची आज्ञा होती. मग बाईंनी मॅक्रो सगळ्या फायलींवर एकदम चालवून छपाई लावून दिली. पट्टीवाल्यांनी प्रत्येकाच्या पहिल्या पानाला इमानेइतबारे पट्टी लावली आणि गठ्ठे अभिलेख कक्षाकडे रवाना केले.

तिसऱ्या दिवशी साहेब कार्यालयीन प्रत घेऊन आले. "पट्टीवाले, या पुलाला गुडघा कधी बसवला?"

पट्टीवाल्यांनी शेवटचं पान वाचलं. 'ताई, समास माझाच कमी होता. पण चारचौघांत बोलायला नको होतंस. आता राग नाही, यायला तोंड नाही. तुझा गुडघा कसा आहे?' त्यांनी दुसरी प्रत उघडली, तिसरी उघडली. दोनशे बारा पूल ताईच्या गुडघ्याची चौकशी करत होते. लाजेनं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ताई हसणार, खातं हसणार, आणि तिच्या घराचं दार कायमचं बंद होणार.

पुढच्या आठवड्यात सगळे गठ्ठे परत आले. प्रत्येक अहवालाला एकेक हरकतीची चिठ्ठी टाचलेली, दोनशे बाराच्या दोनशे बारा ताईच्या हस्ताक्षरात:

'शेवटच्या परिच्छेदाला क्रमांक नाही. त्याचा डावा समास अर्धा सेंटीमीटर कमी. मजकुराबद्दल हरकत नाही. दुरुस्त करून संबंधितानं स्वतः आणून द्यावा.'

पट्टीवाल्यांनी चष्मा काढून पुसला, चिठ्ठी पुन्हा वाचली, पुन्हा चष्मा पुसला.

"काका, आणा इकडे," बाई म्हणाल्या. "चार मिनिटांत सगळे करून देते."

"नको," पट्टीवाले म्हणाले. "हे हातानं करायचं काम आहे."

संध्याकाळपर्यंत त्यांनी एक अहवाल दुरुस्त केला आणि काखेत मारून शहराचं दुसरं टोक गाठलं. ताई एक पाय स्टुलावर ठेवून बसली होती. तिनं हात पुढे केला. अहवालासाठी नव्हे, पट्टीसाठी. शेवटच्या पानावर नीट मोजलं. साडेतीन.

"गुडघा दुखतो," ती म्हणाली. "उद्या दुसरा आण."