भाऊंच्या धाकट्याचा एक्स-रे

ऐंशीच्या दशकात चंद्रपूरजवळच्या एका वीजकेंद्रात मी दुरुस्तीच्या खात्यात नोकरीला होतो, आणि माझ्या हातून एक ठोकळा पडला. गोष्ट एवढीच. पण मी ती थाटात सांगणार आहे, कारण तेव्हा कितीतरी दिवस मी ती कुणालाच सांगितली नव्हती.

ठोकळा साबणाच्या वडीएवढा, काळा. बॉयलरमध्ये ज्योत जळते आहे की विझली, हे सांगणारं सर्किट त्याच्या आत होतं. धूळ आणि ओल शिरू नये म्हणून बनवणाऱ्या कंपनीनं वरून काळी राळ ओतून सगळं कायमचं बंद करून टाकलेलं. बाहेर दिसत होते ते फक्त आठ पितळी पाय. आठ महिने स्टोअरमध्ये झोपून असलेला हा ठोकळा मी खोक्यासकट सायकलच्या कॅरिअरवर जुन्या ट्यूबनं बांधून आणला. कोळशाच्या गाड्यांचे रूळ ओलांडताना सायकल अशी उसळली, की ट्यूब जागेवर राहिली आणि खोकं गेलं. मी ते उचललं, बाहीनं पुसलं, आजूबाजूला पाहिलं आणि चेहऱ्यावर कर्तव्यदक्ष भाव आणून भाऊंच्या हातात दिलं.

भाऊ आमचे सर्वांत जुने तंत्रज्ञ. सिंदेवाहीकडचे, धान पिकवणाऱ्या घरातले. त्यांनी ठोकळा बसवला. पॅनेलवरचा ज्योतीचा दिवा लागला नाही. कंपनीला पत्र गेलं, तिचं उत्तर आलं: आमचा माल तपासूनच बाहेर पडतो, तो तुमच्याकडे आपटला असणार, आणि फोडलात तर आमची जबाबदारी संपली. साहेबांनी त्या उत्तरावरून भाऊंच्या नावानं मेमो काढला. आठ दिवसांत खुलासा द्या. फोरमनच्या बढतीच्या यादीत भाऊंचं नाव पहिलं होतं. खुलासा पटला नाही तर ते खोडलं जाणार होतं.

मग मी कबूल का केलं नाही? केलं ना! रोज सकाळी दाढी करताना, आरशासमोर. फार सुंदर भाषण होतं, मध्ये एक आवंढासुद्धा होता. खात्यात पोचेपर्यंत तो आवंढाच तेवढा उरायचा.

"भाऊ, करवतीनं कापून पाहू," मी फार उत्साहानं सुचवलं. एकदा कापला की आपटल्याच्या खुणा कोण शोधणार?

"कापलं तं कंपनी म्हणन, तुमीच तोडलं," भाऊ म्हणाले. "न फोडता आत पाह्यलं पाह्यजे."

समोरच्या शेडमध्ये वेल्डिंगवाल्यांनी पाइपांच्या सांध्यांच्या, किरणांनी काढलेल्या फिल्म वाळत टाकल्या होत्या. भाऊ त्यांच्याकडे बघत राहिले, आणि ठोकळा घेऊन तिकडे निघाले. पण वेल्डिंगवाले हसले. त्यांचे किरण जाड पोलादासाठी. आमचा ठोकळा त्यांना धुरासारखा वाटला असता.

"मंग दवाखान्यात नेऊ," भाऊ म्हणाले.

"भाऊ, तो माणसांचा दवाखाना आहे!"

"तू काऊन घाबरून राह्यला? एक्स-रे तुहा थोडीच काढाचा आहे?"

वसाहतीच्या दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्या बाई नियमाच्या पक्क्या. त्यांनी ठोकळा उलटासुलटा केला आणि परत दिला.

"केसपेपर?"

"बाई, याचा कसा केसपेपर?" भाऊ म्हणाले.

"फिल्म मोजून येते. प्रत्येक फिल्ममागे एक पेशंट. कर्मचारी नाई तं त्याच्या घरचा. नियम मी नाई केला."

भाऊंचा चेहरा पडला. आणि मी, ज्याला हा एक्स-रे निघूच नये असं मनापासून वाटत होतं, तोच मी खिशातून पेन काढता झालो. नाटकाची संधी समोर आली की माझा स्वार्थ नेहमी हरतो. मी फॉर्म भरला. रुग्णाचे नाव: धाकटा. वय: आठ महिने. कर्मचाऱ्याशी नाते: मुलगा. तक्रार: हालचाल नाही, डोळा उघडत नाही.

डॉक्टरांच्या दाराशी खोकल्याच्या पेशंटांची रांग होती. त्यांनी न वाचता सही केली आणि सवयीनं लिहिलं, छाती.

बाईंनी कागद वाचला, ओठ दाबून हसू गिळलं आणि कागदाप्रमाणे छातीचाच एक्स-रे काढला. फिल्म कोळशासारखी काळी आली. मला केवढं हायसं वाटलं!

"छातीचं किरणांचं प्रमाण याले जास्त होते," बाई म्हणाल्या. "लेकराच्या तळहाताएवढं देऊन पाहू." आणि त्यांनी स्वतःहून दुसरी फिल्म लावली. रजिस्टरात लिहिलं: पेशंट हलला.

ओली फिल्म उजेडाच्या पेटीवर टांगली आणि आम्ही तिघं पुढे वाकलो. काळ्या राळेचा मागमूस नव्हता. आतलं सगळं घर उघडं पडलं होतं: कुरडईसारखी वेटोळी, तीन-तीन पायांचे ट्रान्झिस्टर, केसाएवढ्या तारा. प्रत्येक जोडावर सोल्डरच्या डाखाचा पांढरा ठिपका. मी भेग शोधत होतो. माझी भेग.

भाऊंनी बोट ठेवलं. "ह्या सगळ्या ओंबीत दाणा आहे. हा एक पोचट."

एका जोडावर ठिपकाच नव्हता. तार खुंटीला नुसती टेकवलेली, आणि आता तिथूनही केसभर सरकलेली. कंपनीत तिथं सोल्डर लावायचंच राहून गेलं होतं. भेग कुठेच नव्हती.

"म्हणजे मी नाही!" मी ओरडलो.

बाईंनी भाऊंकडे पाहिलं, भाऊंनी माझ्याकडे.

मग ते भाषण झालं. आवंढा चुकीच्या जागी आला, पण रूळ, ट्यूब, बाही, सगळं आलं. भाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"टेकून होती तार. तुह्या धक्क्यानं सरकली असंन," ते म्हणाले. "तू नसतं पाडलं तं बॉयलरच्या हादऱ्यानं सरकली असती, चालू भट्टीत. पण पोट्ट्या, मेमो मले आला होता."

मी त्याच दुपारी साहेबांकडे जाऊन खोकं पाडल्याचं लिहून दिलं. माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. फिल्म खुलाशाला जोडून कंपनीला गेली, नवा ठोकळा आला, दिलगिरीचा शब्द आला नाही. यादीत भाऊंचं नाव राहिलं आणि ते फोरमन झाले.

रजिस्टरातली नोंद मात्र दवाखान्यातच राहिली. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी नर्स भाऊंच्या दारात उभी. "धाकट्याले घेऊन या."

भाऊंच्या घरी दोन मुली, दोघी शाळेत जाणाऱ्या. वहिनींनी आधी भाऊंची उलटतपासणी घेतली, मग माझी. खरं कळल्यावर पदर तोंडाला लावून हसल्या. तेव्हापासून मी त्यांच्याकडे जेवायला गेलो की पहिला घास घेईपर्यंत थांबतात, आणि भरल्या पंगतीत विचारतात,

"काय भाऊजी, माह्या धाकट्याले सायकलवरून कोणं पाडलं होतं?"

आणि मी हात वर करतो.