आईच्या खोलीवरचं सोलर

सोलर म्हटलं की आमच्या गावातले लोक हसतात. "हितं चार महिने सूर्य तोंड दाखवत नाय, आन् हा स्लॅबवर काचा लावतो!" आणि ही मंडळी कुठली? भिवपुरीच्या वीजकेंद्राच्या शेजारची! डोंगरावरून पाणी खाली सोडून वीज बनते, हे आमच्या आज्या-पणज्यांनीही पाहिलेलं. पाण्यातून वीज निघते यावर कुणाची तक्रार नाही, पण उजेडातून निघते म्हटलं की लगेच दात काढतात. डोक्याला ताप नुसता.

मी काही गावाला शहाणं करायला सोलर बसवलं नव्हतं. आईसाठी बसवलं. जन्मभर चुलीचा धूर खाऊन तिची छाती कामातून गेली होती. डॉक्टरांनी घरी ऑक्सिजनचं मशीन ठेवायला सांगितलं आणि ते चालतं विजेवर. आमच्याकडे पावसाळ्यात एक फांदी तारेवर पडली की लाईट जाते, ती कधी येईल ते देवालाच ठाऊक. कळंबकडचे रिसॉर्टवाले अशा वेळी धडाधडा जनरेटर लावतात. तो धूर मी आईच्या उशाशी आणायचा? धुरानंच तर तिची ही गत केली! म्हणून आई झोपते त्या मागच्या खोलीच्या स्लॅबवर पॅनेल बसवली आणि खाली बॅटरी. लाईट गेली की मशीन बॅटरीवर, आणि बॅटरी भरायची ती फक्त पॅनेलवर.

उन्हाळाभर झकास चाललं. लाईट गेली तरी आईला पत्ता लागत नसे. दहिवलीच्या नाक्यावर चहा पिताना मी छाती पुढे काढून सांगायचो, उद्या शाळा, दवाखाना, शेतावरचे पंप, डोंगरावरच्या वाडीतली घरं, सगळं यावरच चालणार बघा. ढगाळ दिवसातसुद्धा उजेड असतो, थोडी का होईना वीज मिळतेच.

मग पाऊस लागला आणि माझं तोंड बंद झालं. बॅटरी भरेचना. सोलर बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "साहेब, पावसाळ्यात कमीच भरणार."

"कमी म्हणजे शून्य का रे?" मी ओरडलो.

"पाऊस उघडला की येतो." फोन बंद!

मी खोपोलीच्या कंपनीत कामाला. अंधारात निघायचं, अंधारात परतायचं. बाबांना दोन-तीनदा विचारलं, "वर पॅनेलवर काय पडलंबिडलं नाय ना?" ते म्हणाले, "काय नाय. सगळं नीट हाय." बाबांच्या 'नीट'वर आमच्या घरात कुणी शंका घेत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशीही मी वर चढून पाहिलं नाही. नाक्यावर मात्र माझी रोज खेचली जात होती. मी सगळ्यांवर चिडून होतो, सूर्यावरसुद्धा.

एका रविवारी मी घरी असताना दुपारी लाईट गेली. मशीन जरा वेळ चाललं, मग बारीक शिट्टी मारून बंद पडलं. आई उठून बसली. खांदे वर-खाली, ओठ काळसर. शेजारच्या टेंपोवाल्याला हाक मारली, तर तो म्हणाला, "ओढ्यावर पाणी आलंय रं, पलीकडं जाता येत नाय." आई माझा हात घट्ट धरून श्वास ओढत होती. तिला बाबांकडे सोपवलं आणि भिजत शिडीवरून वर गेलो.

वर पाहतो तर काय! सगळी पॅनेल निळ्या ताडपत्रीखाली. चारी बाजूंनी सुतळीनं करकचून बांधलेली, वर दगड. मृगाच्या आधी बाबा जशी लाकडं झाकतात, पेंढा झाकतात, तश्शीच! अहो, कपाळ माझं! सूर्यावर चालणारी वस्तू पावसापासून झाकून ठेवली होती!

"बाबा! हे काय केलंत?" मी वरूनच बोंबललो.

"अरं, काचेची वस्तू, भिजली असती ना!" खालून उत्तर आलं.

गाठी सुटेनात. दातांनी तोडल्या, दगड ढकलले, ताडपत्री खाली फेकली. देवाच्या कृपेनं तोवर पाऊस जरा थांबला होता. आभाळ पांढरट झालं होतं, ऊन कुठेच नव्हतं. खाली येऊन बॅटरीवरच्या दिव्याकडे टक लावून बसलो. तेवढा वेळ कसा गेला ते मलाच माहीत. बाबा आईची पाठ चोळत होते. अखेर हिरवा दिवा लागला, मशीन घुरघुरलं. नळीतून हवा आली आणि आईचे खांदे हळूहळू खाली आले.

आता मात्र माझा तोल गेला. ज्या माणसाला विचारून विचारून थकलो, तो 'नीट हाय' म्हणत राहिला आणि बायकोचा जीव जायची वेळ आणली! मी बाबांकडे वळलो. "तुमाला जरा तरी अक्कल..."

आईनं हात वर केला. नाकातली नळी तिनं स्वतःच काढली. एवढ्या कष्टानं मिळालेला श्वास तिला बोलण्यासाठी हवा होता.

"त्यांना नको बोलू रं," ती थांबत थांबत म्हणाली. "मीच सांगितलं झाकायला. तू माज्यासाठी एवढ्या हौसेनं आणलेली वस्तू. खराब झाली असती."

बाबा खाली बघत होते. मी आईची नळी पुन्हा तिच्या नाकाला लावली.